थंडीत बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. कुणाला अनुभव?

मृण्मयी_राजारामपुरी | १८ डिसेंबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज विचारतेच.

थंडी पडली की माझ्या हाताची बोटं पांढरी पडतात. सगळा हात नव्हे. करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं, तेवढीच, आणि तीही मधल्या पेरापर्यंत. तिथे रंग एकदम तुटतो. अलीकडे माझा नेहमीचा सावळा हात, पलीकडे रक्ताचा थेंब नसलेली बोटं. चिमटा काढला तरी कळत नाही. थोड्या वेळाने ती निळसर होतात, मग लालबुंद, आणि तेव्हा जो ठणका आणि मुंग्या सुरू होतात त्याने डोळ्यांत पाणी येतं. अंगठ्याला मात्र कधीच काही होत नाही. पायाच्या बोटांचंही तेच, पण ती मोज्यांत असतात म्हणून कुणाला दिसत नाहीत.

कॉलेजात असल्यापासून हे आहे. आता बँकेत कॅश काउंटरला आहे, डोक्यावर एसी. नोटा मोजताना बोटांना नोट लागतच नाही, मग मशीनवर पुन्हा मोजते आणि रांगेतली माणसं चुळबुळ करतात. परवा एका आजोबांनी माझा हात बघून पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना वाटलं मला चक्कर येतेय.

घरात ज्याचं त्याचं निदान वेगळं. सासूबाई म्हणतात रक्त कमी आहे, नवरा म्हणतो नीट जेवत नाहीस. हिमोग्लोबिन तपासलं तर १२.६, म्हणजे रक्ताचं काही नाही. एका दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

हे नक्की काय आहे? आणि कोल्हापुरात असं किती गार असतं की बोटांनी एवढं मनावर घ्यावं? कागलच्या मावशीलाही वर्षभरापासून हेच सुरू झालंय, तिच्या एका बोटाच्या टोकाला बारीक जखम झालीय आणि ती भरत नाहीये. तेव्हा आमच्या घराण्यातच असावं.

तालमीतला_गडी

ताई, पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या वरपा, वर तांबडा एक वाटी. बोटं काय घेऊन बसलाय, कानाच्या पाळ्या बी लाल हुतात. नाद खुळा!

शाहूपुरीची_लेक

गडी, धागा कुठलाही असो, तुम्ही रस्सा आणताच. गेल्या वेळी मुलांच्या दहावीच्या धाग्यावरही आणला होता!

मृण्मयी, मलाही अगदी हेच होतं. कोरोनाच्या काळात तर यावरून घरात रडारड झाली होती. साधा ताप होता, पण ऑक्सिमीटर लावला तर ८२. सासरे गाडी काढायला पळाले, नवरा बेड शोधत फोनवर. शेजारच्या नर्सताई आल्या, माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "अगं, बोटं बर्फ झालीत तुझी." दोन मिनिटं चोळून दुसऱ्या हाताच्या बोटाला मशीन लावलं, ९८. बोटात रक्तच पोचत नसेल तर ते यंत्र तरी काय वाचणार? ज्यांची बोटं गार असतात त्यांनी आधी हात गरम करून मग आकडा बघा.

जुनी_गंगावेश

आमच्या वेळी पौषातल्या पहाटे पंचगंगेत उड्या मारायचो, ओल्या अंगाने घाटावर उभे राहायचो, तिथून थेट दुधाच्या कट्ट्यावर. कुणाची बोटं पांढरी झालेली पाहिली नाहीत. एसीत बसायचं, व्यायाम नाही, सूर्य दिसत नाही, मग शरीर थंडी विसरतं. माझं स्पष्ट मत आहे, हे सुखवस्तूपणाचं दुखणं आहे.

आक्का_बावड्याची

काका, माझ्याकडं एसी न्हाई, म्हशी हायत.

पहाटे चारला उठतो, हौदातल्या पाण्यानं बादल्या धुतो आन् तिथंच दोन बोटं मरत्यात. धार काढायला बसलो की सड हातात धरलाय का न्हाई त्ये बी कळत न्हाई, उगं कुठंबी दाबला जातो, म्हस पाय झाडती. मग मी दोन्ही तळवं तिच्या कासंला लावून गप बसतो. कास ऊबदार असती. हळूहळू बोटात जीव येतो, मुंग्या मुंग्या हुत्यात, मग धार. म्हस बी आता वळखती, मी हात लावला की हालत न्हाई. ह्येला सुखवस्तू म्हणायचं व्हय?

तालमीतला_गडी

आक्का, जिंकलासा. विषय कट.

डॉ_कृष्णाकाठ | १९ डिसेंबर

रात्रीची ओपीडी आटोपून लिहितोय, म्हणून उशीर.

मृण्मयी, इथे बसून निदान करणार नाही, पण तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की रेनॉड फिनॉमिनन हे नाव पहिलं डोक्यात येतं. पॅरिसच्या मॉरिस रेनॉड या डॉक्टरांनी १८६२ साली आपल्या प्रबंधात ते मांडलं. दुर्मीळही नाही. ढोबळ अंदाज शंभरात तीन ते पाच जणांना असतं असा आहे, आणि त्यात बायका जास्त.

थंडीत सगळ्यांच्याच बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कारण शरीराला आतली ऊब राखायची असते. तुमच्यात ते आकसणं प्रमाणाबाहेर होतं. पाटाचं दार टाकलं की पुढची सरी कोरडी पडते, तसं बोट पांढरं पडतं. अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत आला की निळं. दार उघडलं की रक्त जोरात येतं, तो लाल रंग आणि तो ठणका. तिन्ही रंग प्रत्येकाला दिसतील असं नाही. सावळ्या कातडीवर तर पुष्कळदा चुकतात, म्हणून नखांकडे आणि बोटाच्या आतल्या बाजूला बघायचं. आणि फोटो काढून ठेवायचा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पूर्ववत झालेली असतात आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही.

कोल्हापूरच्या थंडीचं विचारलंत. थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा फरक एकदम पडणं जास्त त्रास देतं. आपल्याकडची १४-१५ अंशांची सकाळ त्याला पुरते. फ्रीजरमधून मटार काढणं पुरतं, उन्हातून एसीत शिरणं पुरतं. काहींना नुसत्या मानसिक ताणानेही बोटं पांढरी पडण्याचा अटॅक येतो, भर मे महिन्यात.

गंगावेशकाका, त्या वेळी घाटावर कुणालाच झालं नसेल असं नाही. बोटं पांढरी पडली म्हणून बोंब कोण मारणार होतं? आणि ज्या बायकांना जास्त होतं, त्या त्या वेळी घरात गार पाण्यात धुणंभांडी करत होत्या.

आता मुख्य मुद्दा. याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्राथमिक: पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा, जखमा नाहीत, पाठीमागे दुसरा आजार नाही. वर्षानुवर्षं राहतो, पण बोटांचं कायमचं नुकसान करत नाही. घराण्यात असू शकतो. तुमचं वर्णन यात बसतं. दुसरा प्रकार दुय्यम, म्हणजे मागे काहीतरी असतं. चाळिशीच्या आसपास किंवा नंतर सुरू होतो, एकाच हाताला जास्त असू शकतो, दुखणं तीव्र असतं, टोकांना जखमा होतात.

म्हणून तुम्ही शेवटी जाता जाता मावशीबद्दल जे लिहिलंत ते मला तुमच्या सगळ्या पोस्टपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्यांचं वय काय? हाताची बोटं सुजल्यासारखी, कातडी ताठ झाल्यासारखी वाटते का? छातीत जळजळ, घास अडकणं, जिना चढताना धाप? डोळे-तोंड कोरडं? घराण्याचं आहे म्हणून सोडून देऊ नका.

मृण्मयी_राजारामपुरी

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून मावशीला लगेच फोन लावला. ती ५२ वर्षांची आहे. लग्नातली अंगठी सहा महिन्यांपासून निघत नाही, सोनाराकडून कापून घेतली. मी म्हटलं वजन वाढलं असेल, तर म्हणाली वजन उलट कमी झालंय, बोटंच जाड झालीत. छातीत जळजळ रोजची, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. हे सगळं ती "वय झालं" म्हणून कुणाला सांगतच नव्हती.

आणि ती मिश्री लावते. दिवसातून चार-पाच वेळा. त्याचा काही संबंध असेल का?

डॉ_कृष्णाकाठ

आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि त्याच बारीक धमन्या आणखी आकसवतं. जखम न भरण्यामागे तेही एक कारण असू शकतं.

त्यांना संधिवाताच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे न्या. या आठवड्यातच. एएनए नावाची रक्ततपासणी करतील आणि नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून बघतील. तेलाचा एक थेंब टाकून बघतात, दुखत नाही. जाताना जखमेचा फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं बरोबर ठेवा. घाबरवायचा हेतू नाही, पण स्क्लेरोडर्मा नावाच्या, कातडी ताठ करणाऱ्या आजारात नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांना रेनॉड असतं आणि बऱ्याचदा तेच पहिलं लक्षण असतं, बाकीचं काही वर्षांनी येतं. तो आजार आहे की नाही ते तपासणी सांगेल. लवकर कळलं तर फुप्फुसं आणि हृदय यांच्यावर लक्ष ठेवता येतं.

फौंड्रीवाला | २० डिसेंबर

डॉक्टरसाहेब, मी शिरोली एमआयडीसीत फेटलिंगला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओतकाम गार झालं, वाळू झाडली, की कास्टिंगवरचे रनर-रायझर, म्हणजे धातू ओतताना राहिलेले जास्तीचे दांडे, तोडायचे, कडेला आलेली फ्लॅश चिपिंग हॅमरने उडवायची आणि मग ग्राइंडरने साफ करायची. आठ तास हातात थरथर. हॅमर हवेवर चालतो, त्याची सुटलेली हवा हातावर येते आणि ती गार असते.

आमच्यात बारा-पंधरा वर्षं काम केलेल्या बऱ्याच जणांची बोटं सकाळी मोटरसायकलवरून येताना पांढरी होतात. आम्ही त्याला "हात झोपला" म्हणतो, चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभे राहतो, जातं. पण माझं आता पुढं गेलंय. उजव्या हाताने शर्टाचं बटण लागत नाही. नट जमिनीवर पडला तर बोटांनी उचलता येत नाही, तळव्यात ओढून घ्यावा लागतो. वय ३९. हे पण तेच का?

डॉ_कृष्णाकाठ

याचं कारण बहुधा तुमचं यंत्रच आहे. कंप पावणाऱ्या यंत्रांनी होणारं रेनॉड शंभर वर्षांहून जास्त काळ नोंदलेलं आहे. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या चुनखडीच्या खाणीत हवेच्या हॅमरवर काम करणाऱ्या कामगारांचे हात तपासून १९१८ साली हेच लिहून ठेवलं: सकाळच्या थंडीत पांढरी, बधिर बोटं. यात रक्तवाहिन्यांबरोबर नसाही जातात. नट उचलता न येणं हे नसांचं लक्षण आहे.

सुरुवातीलाच कंप थांबवला तर बोटं सुधारू शकतात. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहतो. तुम्ही थांबायच्या टप्प्यावर आहात असं मला वाटतं. डॉक्टरांचं लेखी पत्र घेऊन कामाची जागा बदलून मागा. तोवर सलग हॅमर धरू नका, मध्ये दुसरं काम घ्या, हॅन्डल गच्च आवळू नका, छिन्नी बोथट झाली की बदला, कारण बोथट छिन्नी जास्त थरथरते. हात कोरडे आणि गरम राहतील असे हातमोजे घाला. आणि विडी-सिगारेट-मावा काही असेल तर आजपासून बंद.

फौंड्रीवाला

मावा आहे. बघतो.

टोरांटोतला_कोल्हापुरी

मला विशीपासून प्राथमिकवालं आहे, तपासण्या झाल्यात. इथे उणे १५ असतं तरी मला त्रास कोल्हापुरात डिसेंबरात आलो की जास्त होतो, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. इथे घर, गाडी, ऑफिस सगळं आतून गरम. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी, उघडी पडवी, सकाळी सातला तोंड धुवायला नळाचं पाणी. बाहेर आणि आत एकच तापमान, सुटका कुठेच नाही.

काही उपयोगाच्या गोष्टी. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात तो मिटन प्रकार खूप चांगला, बोटं एकमेकांना ऊब देतात. इथे खिशात ठेवायच्या छोट्या पुड्या मिळतात, त्यांत लोखंडाची पूड असते, हवा लागली की गरम होते. भारतातही ऑनलाइन मिळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसते हात झाकून भागत नाही. पोट-छाती गार पडली की शरीर बोटांचं रक्त काढून घेतं. स्वेटर आधी, हातमोजे नंतर.

अटॅक आला तर हात काखेत दाबून धरायचे, किंवा खांद्यापासून मोठे गोल फिरवायचे म्हणजे रक्त बोटांकडे ढकललं जातं. ऑफिसात फिरवताना लोक बघतात, बघू देत.

तालमीतला_गडी

म्हणजे पोट गरम ठेवायचं. मी काय वेगळं बोललो हुतो?

डॉ_कृष्णाकाठ

गडी, या बाबतीत तुमचा रस्सा पास. बीपी नसेल तर.

कट्यावरची_मैत्रीण

कोल्हापुरी चपलेचं काय करायचं सांगा कुणीतरी! हिवाळ्यात पायाची बोटं उघडी आणि अंगठ्याची पट्टी मधे, त्यामुळे मोजेही जात नाहीत.

शाहूपुरीची_लेक

अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, महाद्वार रोडला बघा. मी तेच घालून पहाटे काकड आरतीला जाते. अंबाबाईच्या देवळातली दगडी फरशी डिसेंबरात अनवाणी पायाला काय लागते हे ज्याला रेनॉड आहे त्यालाच कळेल. रांगेत उभं राहून पाय बधिर व्हायचे, प्रदक्षिणा घालताना पाऊल पडतंय की नाही कळायचं नाही. मोजे घालायला कुणी अडवलं नाही.

निसर्गोपचार_साधक

एवढी औषधं आणि तपासण्या कशाला? रोज झोपताना तिळाचं तेल कोमट करून मालीश, आणि सकाळी कडकडीत गरम पाण्यात मीठ टाकून दहा मिनिटं हातपाय. रक्ताभिसरण वाढलं की सगळं जातं. मी अनेकांना सांगितलंय.

निवृत्त_मास्तर_करवीर

साधक, मालीश करा, पण कडकडीत पाणी कुणाला सांगू नका, हात जोडून विनंती. आमच्या हिला मधुमेह आहे. पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी तळव्याशी घेऊन झोपली. पाय बधिर, त्यामुळे भाजतंय ते कळलंच नाही. सकाळी चादरीला पाणी लागलेलं दिसलं तेव्हा टाचेवर हाताएवढा फोड. ती जखम भरायला उन्हाळा उजाडला. बधिर कातडीला चटका समजत नाही. पाणी कोमटच, आणि ते दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं.

डॉ_कृष्णाकाठ

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. आणखी एक भर. मधुमेहातलं बधिरपण वेगळं. ते नसांमुळे येतं, पायाच्या बोटांपासून वर चढतं, चोवीस तास असतं, थंडीशी त्याचा फारसा संबंध नसतो. बी-१२ कमी असेल तरी हातापायाला मुंग्या येतात. रात्री झोपेत अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटातली नस दबलेली असते. रेनॉड अटॅकने येतं आणि जातं, आणि त्यात रंग बदलतो. मालीश आणि कोमट पाण्याला माझी हरकत नाही, पण मावशींसारख्या रुग्णाने त्यावर सहा महिने घालवले तर बोट जाऊ शकतं.

निसर्गोपचार_साधक

माझा अनुभव वेगळा आहे. असो.

नवी_आई_फुलेवाडी

इथे लिहू की नको असं होत होतं, पण लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. मला बोटांना कॉलेजपासून होतं. बाळ झाल्यावर दूध पाजून झालं की निपल पांढरं व्हायचं आणि सुया टोचल्यासारखं दुखायचं, बाथरूममधून बाहेर आलं तरी. सगळ्यांनी बुरशीचा संसर्ग समजून मलमं दिली. शेवटी एका स्तनपान सल्लागार ताईंनी बोटांबद्दल विचारलं आणि लक्षात आलं, हे तिथेही होतं. पाजून झाल्या झाल्या सुती कपड्यात गुंडाळलेला गरम शेक आणि अंगावर शाल, एवढ्याने खूप फरक पडला. मी पाजणं बंद करायच्या बेतात होते.

शाहूपुरीची_लेक

बरं झालं लिहिलंस ग. माझ्या बहिणीला आत्ताच हा धागा पाठवते.

डॉक्टर, एक प्रश्न. अर्धशिशीसाठी मला प्रोप्रानोलॉल सुरू केलंय आणि या वर्षी बोटांचा त्रास वाढलाय. योगायोग?

डॉ_कृष्णाकाठ

नसावा. बीटा ब्लॉकर गटातली ती गोळी रेनॉड वाढवू शकते. पण मनाने एकदम बंद करू नका, त्याचे वेगळे धोके आहेत. ज्यांनी दिली त्यांना बोटांचं सांगा, पर्याय असतात. अर्धशिशीच्या अटॅकला घ्यायच्या काही गोळ्या आणि सर्दीची नाक मोकळं करणारी काही औषधंही रक्तवाहिन्या आकसवतात. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

जुनी_गंगावेश | २३ डिसेंबर

चार दिवस धागा वाचतोय. आक्का, तुमच्यासारखीला सुखवस्तू कोण म्हणेल? रोख एसीवर होता.

तंबाखूचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. विड्या हाताशीच. तिशीत पायाची बोटं गार पडायला लागली, मग चालताना तळव्यात गोळा यायचा, थांबलं की जायचा. सगळे म्हणाले वात आहे. रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवून बसायचा, तसं केलं की जरा बरं वाटायचं त्याला. करंगळी काळी पडली तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले सर्जन म्हणाले, बर्गर डिसीज आहे, विडी सोडली तर पाय राहील. त्याने दिवसाच्या दोनवर आणली आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, बरीच कमी केली. दोन वर्षांत आधी दोन बोटं गेली, मग घोट्याखालचा पाय.

फौंड्रीवाले, तुम्ही "बघतो" म्हणालात. माझा भाऊही हेच म्हणायचा.

डॉ_कृष्णाकाठ

काका, मनापासून आभार. लिओ बर्गर यांनी १९०८ साली हा आजार सविस्तर मांडला आणि आपल्या भागात तो आजही दिसतो. रेनॉडहून हा वेगळा, यात रक्तवाहिनी सुजून गुठळीने बंदच होते. दिवसाची एक-दोन विडीसुद्धा आजार धगधगता ठेवते. मावा, मिश्री, तपकीर सगळं त्यातच आलं. पूर्ण बंद, हाच उपचार आहे.

फौंड्रीवाला

काका, वाचलं. पुडी आत्ता गटारात टाकली. उद्याचं उद्या.

मृण्मयी_राजारामपुरी | १७ जानेवारी

उशिरा लिहितेय, पण धावपळच तशी होती.

मावशीच्या तपासण्या झाल्या. एएनए पॉझिटिव्ह आलं आणि त्यातली अँटिसेन्ट्रोमिअर नावाची अँटिबॉडीही. नखांजवळच्या केशवाहिन्या डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवल्या. माझ्या बोटात बारीक, सारख्या, एका ओळीत दिसतात. मावशीच्या काही फुगून जाड झाल्यात आणि मध्ये मोकळ्या जागा पडल्यात. स्क्लेरोडर्माचा मर्यादित प्रकार आहे म्हणाले. हृदयाचा इको आणि फुप्फुसाची तपासणी केली, दोन्ही सध्या चांगल्या आहेत, दरवर्षी करायच्या. निफेडिपिनची गोळी सुरू आहे. ही मुळात बीपीची ना? पहिल्या आठवड्यात तिचं डोकं दुखलं आणि पाय सुजले, डॉक्टरांनी डोस बदलला. आता जखमेवर खपली धरलीय.

मिश्रीचं भांडण रोज चालू आहे. डबी काकांनी लपवली तर शेजारणीकडून आणली. मग मी तिला गंगावेशकाकांची पोस्ट वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून सकाळची एकदाचीच लावते. एकदाची पण नको हे तिला पटवायचंय.

माझं प्राथमिक आहे, गोळीची गरज नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दिल्यावर बँकेत काउंटर बदलून मिळाला, आता एसीचा झोत अंगावर येत नाही. आतून थर्मल आणि मिटन, फरक आहे.

डॉ_कृष्णाकाठ

हो, निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच गोळ्या. त्या धमन्यांच्या भिंतीतला स्नायू सैल करतात म्हणून इथे चालतात. त्यांनी भागलं नाही तर सिल्डेनाफिल आहे, फारच बिकट वेळी शिरेतून आयलोप्रोस्ट देतात. वाचकांनी स्वतःहून यातलं काही घेऊ नये, बीपी खाली जाऊन चक्कर येते. मावशींचं वेळेत कळलं, फार बरं झालं. मिश्रीवर मात्र ढील देऊ नका, आणि जळजळीच्या औषधाचंही विचारा, त्यांना ते लागेल.

आक्का_बावड्याची

डॉक्टर, माझं वय ४६. बोटं दोन वरसांपास्नं पांढरी हुत्यात. जखम न्हाई, पर डाव्या हाताला जास्त. मी बी दाखवू काय? म्हशी सोडून दिवसभर जाता येत न्हाई.

डॉ_कृष्णाकाठ

आक्का, दाखवा. चाळिशीनंतर सुरू झालंय आणि एका हाताला जास्त आहे, एवढं पुरे आहे. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मेडिसिनच्या ओपीडीत सकाळी लवकर गेलात तर दुपारपर्यंत मोकळ्या व्हाल. उद्या पहाटे बादल्या धुतल्यावर बोटं पांढरी झाली की मुलाला दोन्ही हातांचा फोटो काढायला सांगा, तो बरोबर न्या. आणि बादल्या धुवायला चुलीवरचं कोमट पाणी घ्या.

आक्का_बावड्याची

फोटो मीच काढतो, मोबाइल हाय माझा. पर बोटं पांढरी झाल्यावर त्यो बी बोटाला दाद देत न्हाई.

शाहूपुरीची_लेक

आक्का, अंगठ्याने दाबा, तो बधिर होत नसेल तुमचा. सोमवारी मीही सीपीआरला आहे, नऊला मेन गेटपाशी थांबते. केस पेपर काढायला दोघी मिळून उभ्या राहू.

आक्का_बावड्याची

येतो. येताना खरवस आणतो.